विश्लेषण : इंदापूरच्या शिवारात ‘बर्फ’ येतो कुठून? गारपिटीचे विज्ञान आणि ७२ तासांचे गणित

फेब्रुवारी-मार्च आला, की एखाद्या दुपारी अचानक आभाळ काळवंडते, पंधरा-वीस मिनिटे पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज होतो आणि तासाभरात मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागतात. पांढरे झालेले शिवार, ओंजळीत धरलेल्या गारा आणि खाली ओळ, ‘आमच्याकडं काश्मीर झालं’. गंमत म्हणून ती ओळ खपून जाते. पण ज्याची डाळिंबाची बाग त्या पांढऱ्या पट्ट्यात आलेली असते, तो माणूस सहसा व्हिडिओ काढत नाही.

बारामती-इंदापूर रस्त्यावरचे निमगाव केतकी हे गाव राज्याला दोन गोष्टींसाठी ठाऊक आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आणि विड्याच्या पानांचे मळे. त्याच्या जोडीला डाळिंब, ऊस आणि आजूबाजूच्या गावांतून द्राक्ष. तालुक्याच्या उत्तरेला उजनीचा फुगवटा, दक्षिणेला नीरा. थंडीच्या अखेरीस या पट्ट्यातील बागा मालाने भरलेल्या असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आकाशातून बर्फ पडण्याची शक्यताही असते. हा बर्फ येतो कुठून, तो ‘वेळेआधी’ आला तर काय बिघडते आणि त्याची भरपाई मिळणे इतके अवघड का असते, ते पाहू.

हा हिम की गारा?

गाराच. हिम आणि गार ही दोन्ही गोठलेल्या पाण्याची रूपे असली, तरी त्यांची घडण अगदी वेगळी आहे. हिमवृष्टीसाठी ढगापासून जमिनीपर्यंतची हवा गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याखाली लागते. त्यात बाष्पापासून थेट षटकोनी स्फटिक तयार होतात आणि ते पिसासारखे तरंगत खाली येतात. इंदापूर तालुक्यात जानेवारीच्या पहाटेही ही स्थिती येत नाही.

गारेला मात्र जमिनीवरचा उकाडाच लागतो. दुपारी तापलेली, दमट हवा वेगाने वर जाते आणि वादळी ढग उभा राहतो. या ऋतूत आपल्याकडे साधारण साडेचार किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली जाते. त्याच्या वर ढगातील पाण्याचे थेंब शून्याखालीही काही काळ द्रवरूपातच राहतात. बर्फाचा एखादा कण त्यांना धडकला, की ते त्याच्यावर चिकटून गोठतात. वर जाणारा झोत जितका जोरदार, तितका वेळ हा गोळा ढगात राहतो आणि थरावर थर चढत जातात. झोताला वजन पेलेनासे झाले, की गार खाली येते. गार मधोमध कापली, तर कांद्यासारखी वलये दिसतात ती यामुळेच.

गारेचा पडण्याचा वेग तिच्या आकाराबरोबर वाढतो. हरभऱ्या-बोराएवढी गार ताशी १५ ते ४० किलोमीटरने येते. अडीच ते साडेचार सेंटिमीटरची, म्हणजे लिंबाच्या आसपासची गार ४० ते ६५ किलोमीटरने. सोबत वारा असेल, तर ती सरळ न पडता तिरकी मारते. म्हणून गारपिटीनंतर झाडाची एकच बाजू झोडपलेली दिसते.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दर हिवाळ्यात दिसणारा पांढरा थर हा आणखी तिसरा प्रकार. ते गोठलेले दव. ‘महाबळेश्वरात बर्फवृष्टी’ असे मथळे दरवर्षी येतात (माध्यमांचीही त्यात कसर नसते), पण तिथे आकाशातून काहीच पडलेले नसते.

मग हा उजनीचा परिणाम आहे का?

धरणकाठच्या गावांत हा प्रश्न हमखास निघतो. एवढे पाणी शेजारी आहे, वाफ होणारच, मग गारा त्यातूनच येत असणार, असा हा तर्क. तो अगदीच हवेतला नाही. जगात काही ठिकाणी सरोवरे खरोखरच बर्फ ‘बनवतात’. अमेरिकेतील बफेलो हे शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचे पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असते. त्यावरून कॅनडाकडचा थंडगार वारा वाहिला, की तो बाष्प उचलतो आणि पलीकडच्या किनाऱ्यावर हिम ओततो.

पण त्यासाठी सरोवर मोठे लागते आणि पाणी व वरची हवा यांच्या तापमानात मोठी तफावत लागते. ईरी सरोवर सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरचे आहे. उजनीचा जलाशय पूर्ण भरला तरी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आतच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उतरणीला लागलेला असतो. वाऱ्याला एवढ्या पाण्यावरून जायला फार वेळ लागत नाही. गारपिटीच्या ढगाला लागणारे बाष्प अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून येते. तेव्हा उजनीवर गारांचा ठपका ठेवता येत नाही. मात्र या पाण्यामुळे आणि नीरेच्या कालव्यामुळे तालुक्यात बागा उभ्या राहिल्या, हेही तितकेच खरे. कोरडवाहू ज्वारीच्या काळात गारपिटीने जे नुकसान व्हायचे, त्याच्या कितीतरी पट भांडवल आज त्याच एकरात उभे असते.

जुलैत गारा का पडत नाहीत?

पाऊस जास्त म्हणजे गारा जास्त, असे गणित नाही. मोसमी पावसात सगळा हवेचा थर दमट आणि तुलनेने उबदार असतो. शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या वर सरकते. वर जाणारे झोत गारा पेलण्याइतके जोरदार क्वचितच असतात आणि जो काही बर्फ तयार होतो तो खाली येईपर्यंत वितळतो.

फेब्रुवारी ते मेमध्ये चित्र वेगळे असते. जमीन तापू लागलेली असते, पण वरच्या थरात उत्तरेकडची थंड, कोरडी हवा अजून येत असते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ एरवी हिमालयाच्या बाजूने निघून जातात आणि काश्मीर-हिमाचलात हिम देतात. कधी कधी त्यांची द्रोणीय रेषा बरीच दक्षिणेला उतरते. मग वर थंड हवा, खाली समुद्रावरून आलेली दमट हवा आणि दुपारचे ऊन असे तिन्ही जुळून येतात. म्हणजे काश्मीरचा बर्फ आणि इंदापूरची गार यांचे नाते व्हिडिओखालच्या ओळीत वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. कारण अनेकदा एकच असते, फक्त पोहोचण्याची तऱ्हा वेगळी.

२०१४ मध्ये काय झाले होते?

राज्याच्या आठवणीतील सर्वांत मोठी गारपीट २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत राहून राहून होत राहिली. एरवी गारपीट म्हणजे एका दुपारचा, चार-दोन गावांचा प्रकार. त्या वर्षी राज्यातील २८ जिल्ह्यांना फटका बसला. इंदापूरला खेटून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील द्राक्ष आणि डाळिंबाचे मोठे नुकसान झाले. काढणीला आलेला गहू, ज्वारी, हरभरा आडवा झाला. जनावरे आणि पक्षी मेले. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असल्याने मदतीच्या घोषणेसाठीही निवडणूक आयोगाकडे जावे लागले. अखेर राज्य सरकारने चार हजार कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात जिरायतीला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५ हजार आणि फळबागांना २५ हजार रुपये असे दर होते.

बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे असलेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्यानंतर गारपिटीची कारणे, नुकसान आणि नंतरचे पीक व्यवस्थापन यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ‘ताणां’वर काम करण्यासाठी उभारलेल्या या संस्थेच्या दारातच हा नवा ताण येऊन पडला होता.

‘वेळेआधी’ आल्याने काय फरक पडतो?

सगळा फरक इथेच आहे. किती गारा पडल्या, यापेक्षा त्या दिवशी झाडावर काय होते, यावर नुकसान ठरते.

बफेलोचेच उदाहरण घ्या. फुटांनी हिम पडणे या शहराला नवे नाही. पण १२ आणि १३ ऑक्टोबर २००६ रोजी तिथे दीड-दोन फूट हिम पडले आणि शहर कोलमडले. जानेवारीत एवढ्या हिमाची तिथे बातमीही झाली नसती. ऑक्टोबरमध्ये मात्र झाडांची पाने गळालेली नव्हती. ओल्या हिमाचा भार पानांवर साचला, फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि लाखो लोक काही दिवस अंधारात राहिले. हिम तेच होते, तारीख चुकीची होती.

आता हेच द्राक्षाच्या बागेला लावून पाहू. ऑक्टोबर छाटणीची बाग फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला असते. औषधे, मजुरी, खते, विरळणी असा सगळा खर्च झालेला, मण्यांत साखर भरलेली आणि व्यापारी बागेत येऊन गेलेला. या दिवशी गारा पडल्या, तर फुटलेल्या मण्याचा रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो आणि अख्खा घड सडतो. तीच गारपीट १० मे रोजी झाली, तर माल बाजारात गेलेला असतो. तेव्हा खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटी मोडतात आणि पुढच्या हंगामाचे नुकसान होते. तेही लहान नाही, पण घरात आलेला पैसा तरी जात नाही.

डाळिंबाचे दुखणे वेगळे. त्याला मृग, हस्त आणि आंबिया असे तीन बहर. हस्त बहराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीला येतात, तर आंबिया बहराची झाडे त्याच सुमारास कळीवर किंवा सेटिंगमध्ये असतात. म्हणजे एकाच गावात एका बागेत पिकलेले फळ फुटते आणि बांधापलीकडच्या बागेत कळी झडते. पहिल्याचे नुकसान डोळ्यांना दिसते. दुसऱ्याचे पंचनाम्यात दाखवणे कठीण, कारण न लागलेले फळ मोजायचे कसे?

शिवाय गार गेली तरी जखम राहते. खरचटलेल्या सालीतून, फांदीतून तेल्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. म्हणून गारपिटीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत मोडक्या फांद्या छाटणे, फुटलेली फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करणे आणि बोर्डो मिश्रणासारखी ताम्रयुक्त फवारणी घेणे, असा सल्ला दिला जातो. फेब्रुवारीतील गारपिटीनंतर हवा लवकर कोरडी होते, हा त्यातल्या त्यात दिलासा. मेअखेरीस गारांपाठोपाठ दमट हवा आली, तर तेल्याला रान मोकळे मिळते.

‘वेळेआधी’ हा शब्द या तालुक्याने मे २०२५ मध्येही अनुभवला. त्या वेळी गारा नव्हत्या, पाणी होते. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईतील ही १९५० पासूनची सर्वांत लवकरची नोंद ठरली. त्याच दोन दिवसांत बारामती, इंदापूर आणि दौंडमध्ये मुसळधार पाऊस झाला, बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. पाऊस हवाच असलेल्या तालुक्यात पावसानेच दाणादाण उडवली.

आधी इशारा मिळत नाही का?

मिळतो, पण जिल्ह्याच्या मापाचा. भारतीय हवामान विभाग चार-पाच दिवस आधी ‘विजांच्या कडकडाटासह पाऊस, काही ठिकाणी गारपीट’ असा पिवळा किंवा नारिंगी इशारा देतो. अनुकूल स्थिती आहे, एवढे त्यातून कळते. गारांचा पट्टा मात्र अनेकदा जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. एका वाडीत बाग झोपते आणि पुढच्या वाडीत धूळही दबत नाही. ढग उभा राहिल्यानंतर रडारवर तो दिसतो आणि पुढच्या दोन-तीन तासांचा तातडीचा अंदाज देता येतो. पण अडीच तासांत काढणीला आलेली बाग उतरवता येत नाही. जनावरे आत बांधणे, काढलेला माल झाकणे आणि माणसांनी झाडाखालून निघणे एवढेच त्या वेळात होते.

ढगावर आवाजाचे तडाखे मारून गारा फोडण्याच्या तोफा हिमाचलातील सफरचंदाच्या पट्ट्यात बसवल्या गेल्या. जागतिक हवामान संघटनेने मात्र या तोफांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. त्यापेक्षा बागेवर ताणलेली साधी नायलॉनची जाळी खात्रीची. हिमाचलात ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. आपल्याकडे तिचा खर्च, आधाराचे सांगाडे आणि वाऱ्यात ती टिकवणे ही अडचण आहे. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या गारेसाठी दरवर्षी जाळी बांधायची का, हा हिशेब प्रत्येक शेतकरी आपल्या परीने करतो आणि बहुतेक जण दैवावर सोडतात.

विमा असतो, मग अडते कुठे?

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

फळबागांसाठी ‘पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना’ आहे. नावाप्रमाणे तिचा आधार हवामान आहे, प्रत्यक्ष नुकसान नव्हे. महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पाऊस, जास्त तापमान किंवा जास्त आर्द्रता नोंदली गेली, की त्या मंडळातील विमाधारकांना भरपाई लागू होते. बागेत कोणी येऊन पाहत नाही. ‘महावेध’ प्रकल्पाची अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे राज्यात आहेत. निमगाव केतकी हेही इंदापूर तालुक्यातील एक महसूल मंडळ आहे.

हे केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजते. गार मोजत नाही. पर्जन्यमापकात पडलेली गार वितळून काही मिलिमीटर पाणी होते, एवढीच तिची नोंद. पंधरा मिनिटांच्या गारपिटीत बागेचा चेंदामेंदा झाला, तरी केंद्रावर ‘हलका पाऊस’ दिसू शकतो. आणि केंद्र गारांच्या पट्ट्याबाहेर असेल, तर तेवढेही नाही.

म्हणूनच गारपीट हे या योजनेत वेगळे, जोडीचे संरक्षण आहे. त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो आणि ते घ्यायचे की नाही, हे शेतकऱ्याने अर्ज करतानाच ठरवायचे असते. अनेकांना ‘डाळिंबाचा विमा काढला’ एवढेच माहीत असते. पावतीवर गारपिटीचा हप्ता आहे की नाही, हे गारा पडल्यानंतर कळते. हे संरक्षण वर्षभराचेही नसते. आंबिया बहरातील द्राक्ष-डाळिंबासाठी साधारणपणे १ जानेवारी ते ३० एप्रिल हा कालावधी धरला जातो. ‘वेळेआधी’ची गारपीट त्यात बसते, मेमधली बसत नाही.

ज्यांनी हा हप्ता भरला आहे, त्यांच्यासाठी घड्याळ गारा थांबल्याबरोबर सुरू होते. नुकसानीची सूचना ७२ तासांत विमा कंपनीला द्यायची. टोल-फ्री क्रमांक, पीक विमा ॲप, बँक किंवा कृषी विभाग यांपैकी कुठेही. त्यानंतर कंपनीचा प्रतिनिधी, कृषी विभागाचा कर्मचारी आणि शेतकरी यांनी मिळून पाहणी करायची. इथे भरपाई वैयक्तिक बागेनुसार ठरते, मंडळानुसार नाही. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात गारपिटीत वीज गेलेली असते, मोबाइलची बॅटरी उतरलेली असते, ॲपमध्ये गट क्रमांक टाकूनही नोंद होत नाही आणि मधेच शनिवार-रविवार येतो. शिवाय तेल्याची भीती असल्याने फुटलेली फळे ताबडतोब काढायची असतात, तर पाहणी होईपर्यंत ती ठेवावीत असे वाटते. बागेचे शास्त्र आणि विम्याचे शास्त्र इथे एकमेकांच्या आड येतात. यावर व्यवहारातील उपाय एकच. काढणी-छाटणी सुरू करण्याआधी तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल असे फोटो-व्हिडिओ, झाडाचा आणि जमिनीवर पडलेल्या मालाचा, आणि सूचना नोंदवल्याचा क्रमांक जपून ठेवणे. गारांचा नव्हे, बागेचा व्हिडिओ.

विमा नसेल, तर उरतो सरकारी पंचनामा. तो वेगळा आणि त्याचे निकषही वेगळे. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत लागू होते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२ हजार ५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, असा दर आहे. राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालते. तरीही ही रक्कम ‘मदत’ म्हणून दिली जाते, भरपाई म्हणून नव्हे, आणि फळबागेच्या एका हंगामाच्या खर्चापुढे ती किती अपुरी आहे हे बागायतदाराला सांगायला नको.

पानमळ्याचे काय?

निमगाव केतकीच्या बाबतीत हा प्रश्न शेवटी उरतोच. नागवेलीला फळ नसते. विकायचे असते ते पानच, तेही अखंड. शेवगा, शेवरीच्या आधारावर चढवलेल्या वेलींना सावली आणि वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून मळा दाट ठेवतात. बारीक गारांपासून ही दाटी थोडा बचाव करते. मोठ्या गारा आधाराची झाडेच झोडपतात, मग खालचे पान उघडे पडते. भोक पडलेले, चिरलेले पान बाजारात डागात घ्यायला कोणी तयार होत नाही. वेल जगली तरी ती पुन्हा तोडणीला येईपर्यंत मळ्यातून पैसा येत नाही, आणि मळेवाल्याचा घरखर्च तर पानाच्या तोड्यावरच चालतो.

राज्याच्या फळपीक विमा योजनेत डाळिंब, द्राक्ष, केळी, आंबा, संत्रा, मोसंबी, काजू, पपई, स्ट्रॉबेरी, पेरू, चिकू, लिंबू, सीताफळ अशी यादी आहे. विड्याचे पान त्यात नाही. गारा त्याच पडल्या, त्याच दुपारी, त्याच गावात, तरी डाळिंबवाल्याने ७२ तासांत फोन लावायचा असतो आणि पानमळेवाल्याने पंचनाम्याला कोणी येते का, याची वाट पाहायची असते.